ग्रहणाचे जुने चष्मे आणि आमचं अवसेचं मंडळ

माळावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर आहे. शाळेत कपाटामागे पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाचे चष्मे पडून आहेत. आज मोजले, १७४ निघाले. तेव्हा गावात वर्गणी काढून दोनशे मागवले होते. दक्षिणेत कंकण दिसणार होतं, आपल्याकडे खंडग्रास. सकाळी आठपासून अख्खी शाळा मैदानावर आणि सूर्य ढगात. मधे दोनदा पाच-पाच मिनिटं उघडला तेवढाच. जून २०२० ला टाळेबंदी, त्यात वर आभाळ, पेटी उघडलीच नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मात्र माळावर घेऊन गेलो. त्या दिवशी सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. कापूस वेचून परत येणाऱ्या बाया थांबल्या. एकीनं चष्मा लावला अन् म्हणाली, "हे तं कोनी भाकरीचा कोपरा मोडून नेला."

आता परत पेटी आठवायचं कारण म्हणजे येत्या १७ फेब्रुवारी २०२६ चं ग्रहण. ते कंकणाकृती आहे, पण अंटार्क्टिकावर. भारतातून कणभरही दिसणार नाही. तरी गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर वेध कधी लागतात, गरोदर बाईनं काय करावं, सगळं येऊन पडलंय. काल सरपंचांचा फोन आला, "सर, ते चष्मे काढा बरं."

तर दोन प्रश्न.

एक, हे चष्मे आता वापरावे का? दांडीवर "तीन वर्षांनंतर टाकून द्यावे" अशी बारीक ओळ आहे.

दुसरा प्रश्न जरा दुखरा आहे. २०१९ मध्ये आमचं आकाशदर्शन मंडळ होतं, दर अवसेला चाळीसेक माणसं माळावर यायची. आता सहा येतात. त्यातले दोघं माझ्याच घरचे.

तुळशीपत्र

वाचतेय. आमच्याकडेही दोन आहेत, देव्हाऱ्याच्या खणात. कापूर आणि वातींच्या शेजारी.

काजवा

मास्तर, आधी दांडीवर आयएसओ १२३१२-२ असं छापलंय का आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का ते बघा. थेट सूर्य बघायच्या फिल्टरांचं हे मानक २०१५ चं. त्यात बसणारी फिल्म जास्तीत जास्त ०.००३२ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते, म्हणजे लाखातले तीन भाग. अतिनील आणि अवरक्त किरणांनाही त्यात मर्यादा आहे. नुसतं 'काळं दिसतं' म्हणजे सुरक्षित असं नसतं.

"तीन वर्षांनी टाका" ही जुनी ओळ आहे. अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा सल्ला असा की मानकातला चष्मा ओरखडा, भोक किंवा फाट नसेल तर कितीही वर्षं वापरावा. फिल्म काही दुधासारखी नासत नाही. ती आपल्या हातानंच खराब होते, दुमडून, खिशात कोंबून, घामेजल्या बोटांनी पुसून.

तपासायची रीत सांगतो. दिवसा घरात चष्मा लावा. काही म्हणजे काहीच दिसता कामा नये. खिडकी नाही, ट्यूबलाइट नाही, समोर चहा घेऊन उभी असलेली बायको नाही. एलईडी बल्ब अगदी जवळ धरला तर मंद ठिपका दिसला तर चालेल. मग अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावा. बारीक चमकते ठिपके दिसले तर तो चष्मा बाद. आपल्या छंदात चांदण्या दिसू नयेत असं वाटायची ही एकच जागा.

फिल्म दोन जातींची असते. चंदेरी, आरशासारखी असेल तर ती प्लास्टिकवर दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर. घडी पडली की थर उडतो. काळी असेल तर त्यात काजळी प्लास्टिकमध्येच मुरवलेली असते, ती जरा दणकट. काळीतून सूर्य नारिंगी दिसतो, चंदेरीतून पांढरा-निळसर.

शंकेखोर

दांडीवर छापलेलं कोण तपासतं? छापखान्यात तर लग्नपत्रिकेवर 'डॉक्टर' पण छापून मिळतं. २०२४ च्या ग्रहणाआधी अमेरिकेतसुद्धा खोटे चष्मे निघाले होते, तुम्ही नाव घेतलंत त्याच सोसायटीनं इशारा दिला होता. मग आपल्याकडे काय खात्री? वीस-पंचवीस रुपयांच्या पुठ्ठ्यासाठी पोरांचे डोळे पणाला लावायचे नाहीत. माझं मत, होळीत टाका सगळे.

काजवा

@शंकेखोर, अर्धं पटलं. चौकात, जत्रेत, स्टँडवर घेतलेला, कुठून आला ते माहीत नसलेला चष्मा असेल तर मी पण टाकाच म्हणेन. पण मास्तरांनी कुठून आणले ते कळू द्या.

होळीत मात्र टाकू नका, प्लास्टिक आहे.

माळावरचा_मास्तर

एका विज्ञान संस्थेकडून थेट मागवले होते, पावती जपून ठेवली आहे. फिल्म काळी. आयएसओ आणि बनवणाऱ्याचा पत्ता, दोन्ही छापलेलं आहे.

संत्राबर्फी

मास्तरांनी पावती जपून ठेवली हाच खरा चमत्कार. माझ्याकडे फ्रिजची नाही.

डोळस

मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासतो. धाग्यात हसणं-खिदळणं चालू आहे ते चालू द्या, पण एक केस सांगतो. नववीतला मुलगा, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी आला. घरातली एक्स-रेची फिल्म डोळ्यापुढे धरून "थोडा वेळच" बघितलं होतं. बघताना काही दुखलं नाही. दुखणारच नाही, कारण डोळ्याच्या पडद्याला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. सकाळी उठला तर फळ्यावरच्या शब्दाचं मधलं अक्षर गायब. बाजूची दोन दिसतात, जिथे नजर रोखावी तिथे डाग. यावर हमखास औषध नाही. काही महिन्यांत पुष्कळांचं बरंचसं भरून येतं, काहींचं कायमचं राहतं. ह्याचं अर्धंमुर्धं आलं. आता पहिल्या बाकावर बसतो.

एक्स-रे फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, गॉगलवर गॉगल, यातलं काहीच चालत नाही. डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते आणि अवरक्त किरण उलट जास्त आत जातात.

आणि चष्मा एकाचा दुसऱ्याला देणार असाल तर डोळ्यांची साथ लक्षात ठेवा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. पुढचं आपल्याकडे दिसणारं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ चं, म्हणजे ऐन त्याच हंगामात. लाल डोळ्याच्या पोराला चष्मा देऊ नका, त्याला चाळणी द्या.

तुळशीपत्र

चाळणी कशाला?

डोळस

उन्हात धरा आणि जमिनीवरची सावली बघा. प्रत्येक भोकातून सूर्याचं एक चित्र पडतं. ग्रहण असेल तर शंभर चंद्रकोरी. बुंदीचा झारा पण चालतो. कडुनिंबाखाली नुसतं उभं राहिलं तरी पानांच्या फटींतून अंगभर कोरी पडतात. फक्त पाठ सूर्याकडे ठेवायची.

साधीसुधी

आमच्या आजीच्या वेळी परातीत हळदीचं पाणी ठेवायचे, काही घरी शेण कालवलेलं. त्यात ग्रहण बघायचे. कुणाचे डोळे गेलेले आठवत नाहीत. सगळंच जुनं चुकीचं असतं का?

काजवा

ताई, पाण्यात बघा ही कल्पना हुशारीचीच आहे. हळद किंवा शेण घातलं की तळाची चकाकी जाते आणि प्रतिमा स्वच्छ दिसते. पण सूर्य डोक्यावर असताना पाण्याचा पृष्ठभाग साधारण दोन टक्के प्रकाश परत फेकतो आणि सूर्य कलला की त्याहून जास्त. दोन टक्के म्हणजे लाखात दोन हजार भाग. चष्मा सोडतो लाखात तीन. सहाशे पटींचा फरक झाला. आजी एक नजर टाकून पदर सावरून आत जात असतील, म्हणून निभावलं. पोरं परातीला चिकटून बसतात.

पाण्याऐवजी आरसा घ्या. बोटाच्या पेराएवढा आरशाचा तुकडा सोडून बाकी आरसा कागदानं झाका, उन्हात ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडा. भिंत वीस मीटर लांब असेल तर सूर्य अठरा सेंटिमीटरचा, म्हणजे ताटलीएवढा दिसतो. अख्खा वर्ग एकदम बघू शकतो, चष्मा नको. मात्र आरशात डोकवायचं नाही आणि कवडसा कुणाच्या डोळ्यावर जाऊ द्यायचा नाही.

वेल्डिंगवाला_भाऊ

मास्तर, मी तुमच्याच बाजूचा, दिग्रस रोडले दुकान हाय. गिराण आलं का दुकानापुढं लाइन लागते, "भाऊ काच दे ना पाहाले." मी नाई देत. वेल्डिंगच्या काचेले नंबर रायते. सूर्यासाठी १२ ते १४ लागते, त्यात १४ बरी. आमच्या इकडल्या दुकानात १० नाईतर ११. अन् अर्ध्या काचेवर तं नंबरच नाई. एकदा एक गडी रुसून गेला, म्हने "काचेसाठी मरून राह्यला." मरू दे म्हनलं, आंधळा तं नाई झाला.

संत्राबर्फी

भाऊ, दुकानावर हीच पाटी लावा.

शंकेखोर

बघा, वेल्डिंगवाल्या भाऊंना जे कळतं ते...

माळावरचा_मास्तर

@शंकेखोर, त्यांना नंबर कळतो म्हणूनच ते नाही म्हणतात. मला पण नंबर कळतो, म्हणून मी एकेक तपासून हो किंवा नाही म्हणणार. दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोला ना. मंडळाचं काय करू?

ओलीतवाला

मी मूर्तिजापूरकडचा. आमच्या फिडरले हप्त्यातून चार दिवस रात्रीची लाइन रायते. हरबऱ्याले, गव्हाले पानी द्याले रातीच जा लागते. तिकांडं (मृगातल्या तीन चांदन्या) कुठं आलं त्यावरून मले टाइम समजते, मोबाइल काढा लागत नाई. म्हातारीचं बाजलं (सप्तर्षी) वर सरकलं का समजाचं आता लाइन जाते. आमच्या बानं शिकवलं. बाजल्याचे चार खुर अन् मागं तीन चोर.

तुमच्या मंडळातले चाळीस लोक कोन होते? नोकरीवाले अन् पोट्टे असतीन. जे रोज राती आभायाखाली हायेत त्याइले कोनी बलावलं का? माळावर नका बलावू. वावरात या. आमी तं तथीच असतो.

काजवा

हा प्रतिसाद वाचून उठून उभा राहिलो.

@ओलीतवाला, तुमच्या वडिलांनी शिकवलं तसं नागपूर भागातल्या गोंड, कोलाम, बंजारा, कोरकू लोकांकडे काय काय आहे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून नोंदवलंय. सप्तर्षींची खाट आणि तीन चोर तिथेही भेटतात. आणि आम्ही क्लबवाले पोरांना 'बिग डिपर' शिकवत बसलो.

आता मंडळाचं. मास्तर, आमचं मंडळ कसं मेलं ते सांगतो, अमरावती जिल्ह्यातली गोष्ट आहे. आम्ही पंधरा जण होतो. साधनं म्हणजे एक जुनी दुर्बीण, गळ्यात अडकवायची, आणि एक तारानकाशा. चांगलं चाललं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, मोठा टेलिस्कोप घेऊ. दोन वर्षं पैसे जमवले. सहा इंची आणला. पहिल्या रात्री शनीचं कडं दाखवलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "स्टिकर चिकटवलं असंन आत." तो आमचा सोन्याचा दिवस होता.

दुसऱ्या महिन्यापासून भांडण सुरू. टेलिस्कोप कुणाच्या घरी राहील? अध्यक्षांच्या घरी ठेवला तर सचिव येईना. सचिवाच्या घरी नेला तर अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना गेलं नाही. मग शाळेत ठेवला, तिथून नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, हरवली. कुणी घेतली ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आता नळकांडं कुणाच्या तरी माळ्यावर, तिकाटणं दुसऱ्याच्या. पंधरातले चार जण एकमेकांशी बोलत नाहीत, आणि हे सगळं शनी बघण्यावरून.

संत्राबर्फी

साडेसाती म्हणतात ती हीच.

साधीसुधी

हाहाहा. संत्राबर्फी, आज फॉर्मात.

झाडीपट्टीकर

मी सिंदेवाही तालुक्यातला. आमच्याकडे मंडळ नव्हतं, पण आकाशानं स्वतःच मंडळ भरवलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास आकाशातून आगीचे लोळ ओळीनं गेले. विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी पाहिले. कुणी म्हणे विमान पडलं, कुणी म्हणे उल्का. थोड्या वेळात बातमी, लाडबोरीला लोखंडी रिंग पडली. तीनेक मीटर व्यासाची, गाडीच्या चाकासारखी. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा उरलेला भाग असावा असं जाणकार म्हणाले.

सांगायचं ते पुढे आहे. त्यानंतर महिनाभर आमच्या गावात रोज संध्याकाळी माणसं चावडीपुढे मान वर करून बसायची. ज्यांनी आयुष्यात ध्रुव शोधला नव्हता ते आता उपग्रह ओळखायला लागले. मी त्यातच व्याध, सप्तर्षी दाखवून घेतले. लोकांना आकाशात रस नाही असं नाही. वर बघायला काहीतरी निमित्त लागतं.

शंकेखोर

म्हणजे दर अवसेला रॉकेट पाडायचं?

झाडीपट्टीकर

रोडगे पण चालतात.

संत्राबर्फी

रोडगे, वांग्याची भाजी आणि गुरूचे चार चंद्र. मी पुण्याहून येतो. इथे फक्त होर्डिंग दिसतात.

साधीसुधी

जेवणाचा विषय निघालाच आहे तर विचारते. ग्रहणात जेवायचं नाही, ते पाण्यात तुळशीपत्र टाकणं, याला काहीच अर्थ नाही का? मी अजून पाळते. 'दे दान सुटे गिरान' ची हाळी ऐकली की अजून अंगावर काटा येतो.

शंकेखोर

अंधश्रद्धा आहे. आम्ही २०१९ ला चौकात पोहे खाल्ले ग्रहण चालू असताना.

तुळशीपत्र

माझं नाव उगाच गोवलं जातंय या भांडणात.

साधीसुधी

पोहे खाल्ले म्हणून पदक हवं का?

शंकेखोर

प्रश्न विचारला म्हणून उत्तर दि

संपादक

ग्रहणात जेवावे की नाही यावर चारशे प्रतिसादांचा वेगळा धागा आहे, तिथे जा. इथे चष्मे आणि मंडळ.

डोळस

एकच वाक्य आणि थांबतो. ज्यांना उपास करायचा त्यांनी करावा, फक्त पोरांना घरात कोंडू नका, गच्चीवर चष्मा देऊन बसवा. त्यांच्या आयुष्यात अशी ग्रहणं मोजकीच येतात.

काजवा

मोजकीच, खरं आहे. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून जास्त. आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रासाचा छोटासा घास, तोही श्रावणाच्या तोंडावर, ढगांच्या मर्जीनं. २१ मे २०३१ ला कंकण केरळ-तमिळनाडूत. २० मार्च २०३४ ला खग्रास लडाखमध्ये.

संत्राबर्फी

२ ऑगस्ट २०२७ म्हणजे आषाढ अवस. आमच्या काकांना त्या दिवशी सूर्य दोन दिसतात. चष्मे डबल लागतील.

आणि ३ मार्चला चंद्रग्रहण आहे ना, त्याला हेच चष्मे चालतील का?

काजवा

तीन मार्चला चंद्र ग्रहण लागलेलाच उगवेल, पावणेसातच्या सुमारास सुटेल. चष्मा लावलात तर चंद्रच दिसणार नाही. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायचं.

संत्राबर्फी

काकांना सांगतो. ते तसेही उघडे ठेवू शकत नाहीत.

काजवा

मास्तर, पुन्हा पेटीकडे. हे चष्मे ग्रहणाचे आहेत असं आपण धरून चाललोय. ते सूर्याचे आहेत. मी माझा २००९ चा चष्मा ६ जून २०१२ ला शुक्राच्या अधिक्रमणाला काढला होता. सूर्यावर शुक्राचा काळा तीळ नुसत्या चष्म्यातून दिसत होता. ते पुन्हा डिसेंबर २११७ मध्ये, तेव्हा तो दिवस तर गेला. पण मे २०२४ मध्ये सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह आला, पृथ्वीच्या पंधरा पट रुंद. तोही साध्या चष्म्यातून दिसला. त्याच डागातून निघालेल्या वादळांनी १० मेच्या रात्री लडाखमधल्या हानले गावी ध्रुवीय प्रकाश दिसला होता. आमच्या शाळेतल्या पोरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो डाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात लाल आकाशाचा फोटो. त्यांनी तो डाग रोज वहीत काढला, तो कडेला सरकत गेला, म्हणजे सूर्य फिरतो हे पुस्तक न उघडता कळलं.

महिन्यातून चार वेळा पोरांना पाच मिनिटं सूर्य बघू द्या आणि वर्तुळात ठिपका काढू द्या. बहुतेक दिवशी काही दिसणार नाही. तेही लिहायचं.

चष्मा घालून टेलिस्कोपला किंवा दुर्बिणीला मात्र डोळा लावू देऊ नका, कधीच. भिंगातून गोळा झालेला सूर्य फिल्म क्षणात जाळतो. टेलिस्कोपचा फिल्टर पुढच्या भिंगाच्या तोंडावर लागतो.

झाडीपट्टीकर

आणखी एक, हे चष्मे एका गावात पडून ठेवू नका. २०१७ च्या ग्रहणानंतर 'अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं अमेरिकेत वापरलेले चष्मे गोळा करून पुढच्या ग्रहणांसाठी दुसऱ्या देशांतल्या शाळांना पाठवले. आपल्याला एवढं लांब जायला नको. भिशी लावा. आज तुमच्या गावात, पुढच्या महिन्यात शेजारच्या.

ओलीतवाला

चष्म्याची भिशी. भल्ला आवडलं.

तुळशीपत्र

धागा वाचून माझे दोन काढून टॉर्च लावून पाहिले. एकात पूर्ण आकाशगंगा दिसली. २०२० मध्ये सासूबाईंनी सॅनिटायझर मारून पुसला होता. दुसरा ठीक आहे.

काजवा

पुठ्ठ्याच्या चष्म्याला पाणीसुद्धा लावायचं नाही, पुठ्ठा फुगून फिल्म सुटते. कोरडं मऊ फडकं, बस.

झाडीपट्टीकर

अवांतर: अंधाराचा पण कुणीतरी विचार करा. आमच्या चौकात हायमास्ट लागला आणि व्याध सोडून काही दिसेना. दुसरीकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे लगतच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले. दिवे काढले नाहीत, फक्त टोपी घातली. बिबट्याच्या भीतीनं दिवा हवा हे मान्य, पण बिबट्या आकाशातून येत नाही.

संत्राबर्फी

आमच्या लहानपणी लोडशेडिंग होतं तेव्हा अख्खा विदर्भच डार्क स्काय पार्क होता. मान्यता तेवढी मिळाली नाही.

माळावरचा_मास्तर

मंडळी, हिशेब देतो. आठवी-नववीच्या पोरांना घेऊन संगणक खोली अंधारी करून दोन दुपारी चष्मे तपासले. १७४ पैकी ३१ मध्ये टॉर्चचे ठिपके. १२ चा पुठ्ठा कसरीनं आणि उंदरानं खाल्लेला. १९ ची फिल्म कडेनं सुटलेली किंवा घडी पडलेली. राहिले ११२. बाद झालेले कात्रीनं कापले, नाहीतर पोरं खेळायला नेतात आणि कुणीतरी खरंच वर बघतं. सुटलेल्यांतली फिल्म नीट होती ती मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायला ठेवली. दांडीवरच्या 'तीन वर्षं' खाली पोरांनी पेनानं तपासल्याची तारीख टाकली.

@शंकेखोर, पोरांनी तुमचा मुद्दा फळ्यावर लिहून ठेवलाय: "छापलंय म्हणून खरं धरू नये." त्याखाली टॉर्च काढलाय.

आता १७ फेब्रुवारीचं. सरपंचांना आधी सांगणार होतो की ग्रहण आपल्याकडे नाही, पेटी बंद. मग झाडीपट्टीकरांचं निमित्त आठवलं. लोक तसेही वर बघणार. अंटार्क्टिकावर ऐन कंकण असेल तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा, सूर्य अजून मावळायचा. त्याच वेळी सगळ्यांना चष्मे देऊन अख्खा सूर्य दाखवतो. पुढे अवसेची रात्र आहेच. जागा माळ नाही, नाल्याकाठचं वावर. ओलीतवाले भाऊ म्हणाले तसं.

शंकेखोर

चष्मे तपासलेत ते चांगलं केलंत. होळीचं मत मागे घेतो.

माळावरचा_मास्तर (१८ फेब्रुवारी)

काल झालं. साडेपाचला सत्तर-ऐंशी माणसं. वेध पाळणाऱ्या दोन आजी पण होत्या, उपाशीपोटी, पण होत्या. पावणेसहाला चष्मे वाटले. सूर्य गोल, नारिंगी, कुठं काही खाल्लेलं नाही. डाग मला दिसला नाही, पोरांना तीन दिसले, प्रत्येकाला वेगळ्या जागी. वहीत तिन्ही काढलेत.

२०२२ ला थांबलेली ती कापूसवेचणीची बाई आली होती. बराच वेळ पाहिलं आणि चष्मा परत देत म्हणाली, "आज भाकर साबूत हाय."

अंधार पडल्यावर पंचवीस-तीस उरले. ओलिताची लाइन असलेले चौघं मोटार चालू करून येऊन बसले, दर अर्ध्या तासाला एक जण उठून बारं फिरवून यायचा. मी गुरूकडे दुर्बीण लावली. तिकांडं, बाजलं, चोर हे सगळं त्यांनीच दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं. रोडगे कमी पडले.

रात्री चष्मे मोजले तर १०९. तीन घरी गेले. नावं माहीत आहेत, उद्या परिपाठात विचारतो.

वेल्डिंगवाला_भाऊ

मास्तर, त्यातला एक माह्या पोरानं आनला. उद्या शाळेत घेऊन येते. मी टॉर्च लावून पाह्यला, चांगला हाय.

ओलीतवाला

भिशीचा पयला नंबर आमचा धरजा. पेटी कोनाच्या घरी रायते ते नका ठरवू फक्त.